आता दुसरं दाखवू नका

आमच्या घरात एखादं मशीन बंद पडलं की ते दुरुस्त होण्याआधी त्याच्यावरून भांडण व्हायचं. याला कारण घरातली दोन माणसं. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, सुरतजवळ पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये फिटर होते. आणि मायचा धाकटा भाऊ सुभाषमामा त्याच मिलमध्ये वायरमन होता. भेस्तानला आमच्या दोन खोल्या होत्या, वरची एक खोली मामाची. सकाळी दोघं एकाच मोटरसायकलवर बसून जायचे, संध्याकाळी एकाच मोटरसायकलवर बसून यायचे, आणि मधल्या वेळात मिलमध्ये दिवसभर एकमेकांविरुद्ध साक्ष द्यायचे. कपडा रंगवायचं यंत्र थांबलं की आबा आमच्या अहिराणीत म्हणणार, "हाऊ लाइटना फॉल्ट शे," म्हणजे बिघाड विजेचा आहे. मामा म्हणणार, "दाजी, हाऊ मेकॅनिकलना फॉल्ट शे." दोघांपैकी ज्याचं चुकेल तो त्या दिवशी मोटरसायकलवर मागे बसायचा. हा नियम कोणी केला होता मला माहीत नाही, पण संध्याकाळी पुढे कोण बसलंय हे बघून माय समजून घ्यायची की आज कोणाला जास्त भाकरी वाढायची आणि कोणाला जास्त समजूत घालायची.

मायची स्वतःची घरघंटी होती. घरातलं पीठ तर ती दळायचीच, पण गल्लीतल्या बायकांचं दळणही घ्यायची, त्यामुळे आमच्या घरातल्या सगळ्या आठवणींना मागून घरघंटीचा आवाज आहे. बाजरीचा आवाज वेगळा, ज्वारीचा वेगळा. कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी आणि उडीद एकत्र दळायचे तेव्हा तो जरा घोगरा यायचा. आणि दाणे संपून घंटी रिकामी फिरायला लागली की एक कोरडा, खणखणीत आवाज यायचा, तो मात्र माय कधीच होऊ द्यायची नाही. शेवटचा दाणा आत गेला की तिचा हात बटणावर. रिकामी फिरवली तर घंटी खराब होते, असं तिचं म्हणणं, आणि आमच्या घरात मशीनबद्दलची तेवढी एकच गोष्ट होती जिच्यावर आबा आणि मामा दोघांचं एकमत होतं.

मी अकरावीत असताना ही घंटी बंद पडली. आबांनी कान लावून निदान केलं की लाइटचा फॉल्ट. मामाने टेस्टर लावून सांगितलं की वीज येतेय, फॉल्ट मेकॅनिकलचा. तीन दिवस दोघंही हटले नाहीत. दोघांनीही घंटीला हात लावला नाही, कारण जो हात लावेल त्याने आपला फॉल्ट कबूल केल्यासारखं होणार. मायने तीन दिवस दुकानातलं पीठ आणलं आणि दोघांना तशाच चिवट भाकऱ्या वाढल्या. चौथ्या दिवशी दोघं कामावर गेल्यावर मी स्क्रूड्रायव्हर घेऊन घंटी उघडली. पुली हाताने फिरवून पाहिली तर घट्ट, बेअरिंगमध्ये पीठ जाऊन बसलेलं. आणि त्या घट्ट बेअरिंगला ओढून ओढून बिचारा कपॅसिटर फुगलेला. दोन्ही बदलून आणले. संध्याकाळी घंटीचा आवाज गल्लीतूनच ऐकून आत आलेले आबा जुने भाग बघून म्हणाले, कपॅसिटर होता ना, म्हणजे लाइटचाच फॉल्ट. आणि मामा म्हणाला, बेअरिंग होतं ना, म्हणजे मेकॅनिकलचा. दोघंही जिंकले, दुसऱ्या दिवशी मोटरसायकलवर कोण पुढे बसलं ते आठवत नाही. पण बेअरिंगमुळे कपॅसिटर गेला, हे मी तीनदा सांगूनही दोघांपैकी कोणीच ऐकलं नाही, आणि मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की या दोघांच्या मधोमध एक जागा रिकामी आहे.

बारावीनंतर इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची यादी मोबाइलवर बघताना मला त्या रिकाम्या जागेचं नाव सापडलं. इलेक्ट्रोमेकॅनिकल टेक्नॉलॉजी. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. आबा म्हणाले, हे दोन्ही एकत्र होऊच शकत नाही, छपाईची चूक असेल. मामाने शब्द नीट ऐकला आणि तो खूश झाला, कारण त्यात इलेक्ट्रो आधी येत होतं. आबांनी मग बोटांवर मोजून दाखवलं की मेकॅनिकलमध्ये अक्षरं जास्त आहेत. शेजारच्या काकूंना वाटलं की मी पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा कोर्स करणार आहे, आणि त्यांनी लगेच आपली मोटार बघायला बोलावलं. मी जाऊन बघून आले. पाण्याची मोटार ही पूर्णपणे इलेक्ट्रोमेकॅनिकल वस्तू आहे, त्यामुळे काकूंचं काही फारसं चुकलं नव्हतं.

आता मायबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ तिच्या एका विद्येमुळे झाला. माय शाळेत चौथीपर्यंत गेलेली, पण सुरतच्या कापड बाजारात तिच्यापुढे भलेभले दुकानदार हात टेकायचे. गल्लीतलं कोणतंही लग्न असो, साड्यांच्या खरेदीला माय हवीच. तिची रीत ठरलेली होती. हवी असलेली साडी दुकानात शिरताच तिच्या नजरेत भरायची, पण तिच्याकडे ती चुकूनही बघायची नाही. आधी नको असलेल्या दहा-बारा साड्या उलगडायला लावायची, त्यांचं कौतुक करायची, एखादी मांडीवरही घ्यायची. दुकानदाराला वाटायचं, बाई हीच नेणार. मग उठता उठता, चप्पल पायात घालताना, ती कोपऱ्यातल्या साडीकडे बोट करून विचारायची की ती कितीला, मोलकरणीला द्यायला बरी आहे. या रीतीत एक वाक्य मात्र निषिद्ध होतं. मन बसलेल्या साडीवर हात ठेवून बायका दुकानदाराला म्हणतात ना, "हवे बीजी ना बतावता," म्हणजे आता दुसरी दाखवू नका, ते वाक्य. ते तोंडातून गेलं की दुकानदाराला कळतं, गिऱ्हाईक अडकलं. माय मला सांगायची, "योगे, आपले काय पाह्यजे ते समोरनाले कधीच समजू देवानं नही." तिने ते वाक्य कधी उच्चारलं नाही, साडीबद्दलही नाही आणि दुसऱ्या कशाबद्दलही नाही. आणि मी तिचीच मुलगी. मला काही हवं असलं की मी आधी तीन वेगळ्या गोष्टी मागायचे.

हा कोर्स असलेली जवळपास दोनच कॉलेजं होती. आबा आणि मामांनी ठरवलं की स्थळ बघायला जातात तशी दोन्ही जाऊन बघायची. पहिलं कॉलेज एकदम चकचकीत. काचेचं दार आपोआप उघडलं तेव्हा मामा दोनदा आतबाहेर करून त्याचा सेन्सर कुठे आहे ते शोधत राहिला. थंड सरबत मिळालं, जाड कागदाची पुस्तिका मिळाली, टाय लावलेल्या एका माणसाने पंधरा मिनिटं नोकऱ्यांबद्दल सांगितलं. आबांनी विचारलं, वर्कशॉप दाखवा. चावी एका मॅडमकडे होती आणि मॅडम रजेवर होत्या. आबा हटेनात, तेव्हा काचेतून बघू दिलं. आत यंत्रं होती, नवीकोरी, आणि प्रत्येकावर कारखान्यातून आलं तेव्हाचं प्लास्टिक तसंच होतं. आबांनी त्या माणसाला आपला आवडता प्रश्न विचारला, की मशीन बंद पडलं तर तुम्ही आधी कोणाला बोलावता, फिटरला की वायरमनला. तो हसून म्हणाला, आमच्याकडे मशीन बंद पडत नाहीत. परतताना आबा म्हणाले, वापरलं नाही तर बंद कसं पडेल.

दुसरं कॉलेज कामरेजच्या पुढे, उसाच्या शेतांना लागून. भिंतींचा रंग उडालेला, दारात एक म्हैस. कार्यालयात कोणी नव्हतं म्हणून आम्ही खडखडाटाच्या दिशेने गेलो. वर्कशॉपमध्ये एक जुना लूम, कापड विणायचा माग, आडवा-उभा उघडून ठेवला होता, शेजारीच त्याचं विजेचं पॅनेल उघडं, आणि पाच-सहा मुलं कोपरापर्यंत काळ्या हातांनी त्यात घुसलेली. त्यांत एक मुलगी होती. तिच्या वेणीलाही ग्रीस लागलं होतं आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. मी तिच्याकडे बघतच राहिले. तिथल्या पटेलसरांना आबांनी तोच प्रश्न विचारला. सर लूमवर हात ठेवून म्हणाले की कोणालाच बोलवायचं नाही, आधी गप्प उभं राहून ऐकायचं. आबांनी मामाकडे बघितलं, मामाने आबांकडे. मग मायने बांधून दिलेल्या कळण्याच्या भाकऱ्या आणि ठेचा आम्ही तिथल्याच बेंचवर उघडला, सरही जेवायला बसले आणि ठेच्याने त्यांच्या डोळ्यांतून पाणी काढलं तरी त्यांनी दुसरी भाकरी घेतली. जेवताना तिघांनी मिळून त्या लूमचा फॉल्ट शोधला. मी इतकी सुखी क्वचितच झाले असेन. मला हेच कॉलेज हवं होतं. घरी आल्यावर मायने विचारलं, कसं आहे. मी म्हणाले, बरं आहे.

पण माय ती माय. माझ्या "बरं आहे" या दोन शब्दांवरून तिला सगळं समजलं, कारण ती विद्या तिचीच होती. रविवारी दुपारी आम्ही चौघं मोबाइल मध्ये ठेवून कॉलेजांचा पसंतीक्रम भरायला बसलो. मी पहिल्या नंबरावर कामरेजचं कॉलेज टाकायला गेले तर मायने माझा हात धरला. सरकारला पहिल्याच झटक्यात सांगतेस का तुला काय हवंय, म्हणाली. अशाने ते कधी मिळेल का? आधी दुसरी दाखव. मामाला हे पटलं. आबा कधी साड्यांच्या खरेदीला गेले नव्हते, पण मायने आणलेल्या साड्यांच्या किमती त्यांना ठाऊक होत्या, त्यामुळे तेही गप्प बसले. आज मी प्रवेशाच्या कामात शेकडो मुलांचे असे फॉर्म तपासलेत, आणि हा किस्सा सांगितला की सगळे मला विचारतात की मॅडम, यादीत वरून खाली बघत जी पहिली मिळेल तीच जागा देतात, हा नियम तुम्हाला माहीत नव्हता का. माहीत होता. वाचला होता. पण माझे मार्क बेताचे, ते काचेच्या दाराचं कॉलेज आपल्याला कुठलं मिळतंय, यादी घरंगळत खालीच येणार, असा मीही विचार केला. आणि मायची रीत आजवर कधी फसली नव्हती. म्हणून पहिल्या नंबरावर चकचकीत कॉलेज. त्याखाली कुठली कुठली कॉलेजं आणि शाखा, रबर, सिरॅमिक, जे दिसेल ते. आणि अगदी तळाशी, चप्पल घालता घालता सहज विचारावं तसं, कामरेज. मायने स्वतः बोट टेकवून फॉर्म लॉक केला.

निकालाच्या दिवशी मोबाइलवर हिरव्या अक्षरांत अभिनंदन आलं. तुमच्या पहिल्या पसंतीचं कॉलेज तुम्हाला मिळालं आहे. त्या चकचकीत कॉलेजला गिऱ्हाईकच नव्हतं, हे आम्हाला कुठे माहीत. मामा आनंदाने पेढे आणायला धावला आणि गल्लीत वाटूनही आला, तेव्हा कुठे आबांनी विचारलं की पहिली पसंती म्हणजे कोणती. मी सांगितलं. आबा म्हणाले, ते प्लास्टिकवालं? मामा पेढ्यांचा रिकामा पुडा घेऊन दारातच उभा राहिला. शेजारच्या काकू हसतमुखाने अभिनंदन करायला आल्या आणि माझं तोंड बघून परत गेल्या. मी वरच्या खोलीत जाऊन रडले. मायवर रागावले होते आणि स्वतःवर त्याहून जास्त. इतकी वर्षं झाली तरी हे लिहिताना मला त्या मुलीची ग्रीस लागलेली वेणीच आठवते. माय वर आली नाही. खाली घरघंटी सुरू झाली आणि बराच वेळ सुरू राहिली.

दुसऱ्या दिवशी माय जरीकाठाची साडी नेसून तयार. मला म्हणाली, चल. प्रवेशाच्या मदतकेंद्रात लांब रांग होती. खिडकीमागच्या साहेबांना तिने आपल्या बाजारातल्या गुजरातीत सगळं सांगितलं, आधी नको ते दाखवायचं, मग हवं ते, सगळं. साहेबांनी चष्मा काढला. त्यांना हसू येत होतं पण ते चांगले होते, हसले नाहीत. म्हणाले, "बेन, आ साडीनी दुकान नथी. जे जोईए ते पहेलुं लखवानुं." म्हणजे हे साडीचं दुकान नाही, हवं ते पहिलं लिहायचं. मग त्यांनी समजावलं की मिळालेली जागा सोडून दुसऱ्या फेरीत उतरता येतं, पण सोडलेली जागा परत मिळेलच असं नाही. दुसऱ्या फेरीत काहीच लागलं नाही तर पोरीचं वर्ष जाईल. नीट विचार करा. माय माझ्याकडे वळली. तिने मला जन्मात पहिल्यांदा असं सरळ विचारलं, "तुले काय पाह्यजे?"

मी सवयीने सुरुवात केली. म्हणाले, तसं ते पहिलंही वाईट नाही, सिटीतही एखादं बघता येईल. माय तशीच बघत राहिली. मागची रांग चुळबुळत होती. मग मी म्हणाले, "माले कामरेजवालंच पाह्यजे." आवाज फार बारीक निघाला, पण निघाला.

साहेबांनी जुनी जागा रद्द केली आणि पहिल्या नंबरावर ते कॉलेज टाकलं. दोन नंबर काय टाकू, त्यांनी विचारलं. निदान पाच तरी भरा, म्हणाले, सुरक्षित राहतं. ते बरोबर सांगत होते. मी आज प्रत्येक आईबापाला हेच सांगते, सगळे रकाने भरा. पण मायने पदर खांद्यावर ओढला, खिडकीच्या फळीवर हात ठेवला, कागदावरच्या त्या एका नावाच्या बरोबर समोर, आणि म्हणाली, "साहेब, हवे बीजुं ना बतावता."

त्यांनी दोनदा विचारलं. तिने दोनदा तेच सांगितलं. बाहेर आल्यावर आम्ही एक प्लेट लोचो, चण्याच्या डाळीचा वाफवलेला सुरती फराळ, घेतला, दोघींत, आणि तिने तिच्यातलाही अर्धा माझ्याकडे सरकवला. मला तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण मी आयुष्यात एका दिवसात एकच गोष्ट सरळ बोलू शकत होते आणि ती बोलून झाली होती.

दुसऱ्या फेरीचा निकाल येईपर्यंतचे दिवस आमच्या घरात कोणी भांडलं नाही. आबा आणि मामा मिलमध्ये दोघांचे फॉल्ट निम्मे निम्मे वाटून घेत होते म्हणे, इतकी वाईट अवस्था. मायने कोणाला कळू न देता दोन उपास सुरू केले होते, ते तिच्या ताटावरून कळत होतं. निकाल आला तेव्हा सकाळ होती, आबा आणि मामा बाहेर मोटरसायकल पुसत होते आणि माय गल्लीतल्या कोणाची तरी बाजरी दळत होती. मी ओरडून सांगितलं, पण घंटीच्या आवाजात तिला ऐकू गेलं नाही. घंटीतले दाणे संपले तसं तिने बटण बंद केलं.

"पहिला नंबर लागना," मी म्हणाले.

तिने पिठाचे हात पुसले नाहीत. "पहिला म्हंजे?" तिने विचारलं. "आपला पहिला का त्यासना?"

"आपला."

तिने मान हलवली, माझ्याकडे पाठ केली आणि पुन्हा बटण दाबलं. बाजरी बाजूच्या डब्यात तशीच होती. घंटी रिकामी फिरायला लागली, तो कोरडा खणखणीत आवाज घरभर झाला, आणि माय तशीच तिच्यावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. बाहेरून आबा ओरडले की कपॅसिटर गेला वाटतं. मामा म्हणाला, नाही दाजी, बेअरिंग. पटेलसर म्हणाले होते तसं मी गप्प उभी राहून ऐकलं, घंटीच्या आवाजाखाली मायचं रडणं होतं. फॉल्ट दोघांपैकी कोणाच्याही खात्यातला नव्हता.